गोळी तीच, माणूस वेगळा



संयोजक म्हणाले, डॉक्टर आहेस, तब्येतीवर बोल. बीपी-शुगर सकाळपासून एकमेकांना विचारून झालीच आहे, म्हणून मी एका प्रश्नावलीची गोष्ट सांगतो.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीला हिवतापाच्या एका पोराला मी प्रायमाक्विन दिलं. पुस्तकाप्रमाणे, १४ दिवस. तिसऱ्या दिवशी त्याची आई बाटलीत लघवी घेऊन आली, काळ्या चहासारखी. पोराच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी होतं. अशांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटतात. रक्त चढवावं लागलं, वाचला. औषध बरोबर होतं, डोस बरोबर होता. रक्त आधी तपासायला हवं होतं, ते मी केलं नव्हतं.

जनुकं पाहून औषध ठरवण्याच्या शास्त्राला फार्माकोजेनॉमिक्स म्हणतात. गेल्या वर्षी मी सोलापुरातल्या ओळखीच्या डॉक्टरांना आणि एमबीबीएसच्या मुलांना त्यावर दोन पानी प्रश्नावली दिली. शोधनिबंध वगैरे नाही, माझ्याच समाधानासाठी. मुलांनी व्याख्या अचूक लिहिली. स्टेंटनंतरचं क्लोपिडोग्रेल काहींच्या शरीरात नीट कामालाच का लागत नाही, तेही लिहिलं. पण 'रुग्णाला काय विचाराल?' यापुढे बहुतेकांची जागा कोरी! जुन्या डॉक्टरांचं नेमकं उलट. व्याख्येपुढे आडवी रेघ. एकाने तर 'आधी स्पेलिंग सोपं करा' असं लिहिलं. मात्र एका भूलतज्ज्ञ बाईंनी अर्धं पान भरलं होतं. स्कोलीन देण्याआधी त्या आर्यवैश्य घरातल्या रुग्णाला हमखास विचारतात, घरात कुणाला ऑपरेशननंतर श्वास परत यायला फार वेळ लागला होता का? मूळच्या आंध्र-तेलंगणातल्या या समाजात काहींना हे औषध मोडणारं विकर जन्मतः नसतं. काही मिनिटांचा परिणाम तासन्‌तास टिकतो, तोवर व्हेंटिलेटर. आपल्या गावात तेलुगू घरं किती, हे तुम्हाला सांगायला नको. बाईंनीही व्याख्येपुढे रेघच मारली होती.

हे शास्त्र उपयोगी आहे, असं जवळपास सगळ्यांनी लिहिलं. खाली पेनने, 'चाचणी करायची कुठे आणि पैसे कोण देणार?' याचं उत्तर माझ्याकडेही नाही. जी-सिक्स-पीडीची रक्ततपासणी तेवढी मी आता प्रायमाक्विनआधी करून घेतो.

जेवणाआधी एक काम सांगतो. घरात कुणाला कुठल्या औषधाने त्रास झाला, ते नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा. त्या पोराच्या आईला मी असाच कागद दिला होता. तिने तो लॅमिनेट करून घेतलाय.