रखमाबाईंचा नकार आणि आपण

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



इतिहासातल्या बंडखोर बायांवर बोला, असं मला सांगितलं होतं. मी एकीवरच बोलणार आहे, डॉ. रखमाबाईंवर. मागे एका वस्तीत बचत गटाच्या बैठकीत मी त्यांची गोष्ट सांगितली. बायांनी मन लावून ऐकली. शेवटी मागे बसलेली एक जण म्हणाली, "ताई, तिला डाक्टर बाप होता. मला कोन हाय?" तिच्या पिशवीत नवऱ्याच्या वकिलाची नोटीस होती : नांदायला या, नाहीतर कोर्टात जाऊ. मला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. आज प्रयत्न करते.

रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा, मुंबईतला. वडील लहानपणीच वारले. घर सुतार समाजातलं. त्या समाजात विधवेला दुसरं लग्न करायला मुभा होती. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं, पण त्याआधी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता लेकीच्या नावावर केली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अकराव्या वर्षी रखमाचं लग्न दादाजी भिकाजीशी लावलं. तो एकोणीस वर्षांचा होता. ती सासरी नांदायला गेलीच नाही. आईकडे राहून वाचायला-लिहायला शिकली. मार्च १८८४ मध्ये दादाजीनं वकिलामार्फत कळवलं : बायकोला पाठवा. तिनं नकार दिला. मग त्यानं मुंबई हायकोर्टात दावा लावला. कोर्टात दादाजीची गरिबी, आजारपण, वागणूक अशी कारणं मांडली गेली. पण रखमाबाईंचा मूळ मुद्दा साधा होता : ज्या लग्नाला माझी संमती नव्हती, ते मला बांधत नाही.

२१ सप्टेंबर १८८५ ला न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत, तर 'पुन्हा' नांदायला लावायचं कसं? शिवाय असा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हेच, तो इंग्लंडच्या कायद्यातून इथे आला, असं त्यांनी म्हटलं. दादाजीनं अपील केलं आणि निकाल फिरला. ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. गंमत बघा, खुद्द इंग्लंडनं यासाठीची कैद १८८४ मध्येच रद्द केली होती. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी सांगितलं, तुरुंगात जाईन, पण त्याच्याकडे जाणार नाही.

टिळकांच्या 'केसरी'नं त्यांच्यावर सडकून टीका केली. मुली शिकल्या की अशा बिघडतात, असा ओरडा झाला. हे वाक्य आपण अजून ऐकतो. शेवटी १८८८ मध्ये दादाजीनं दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या. सुरत आणि राजकोटला त्यांनी अनेक वर्षं बायांवर उपचार केले.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येते. तिला डॉक्टर बाप होता, हे खरं. पण सखाराम अर्जुन एप्रिल १८८५ मध्ये वारले. पहिला निकाल लागला तोच मुळी त्यांच्या पश्चात. कैदेचा हुकूम झाला तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं होत आली होती. मग त्या टिकल्या कशाच्या बळावर? आईनं दार बंद केलं नाही. नावावर मालमत्ता होती. लिहिता येत होतं, म्हणून १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीनं बालविवाहाविरुद्ध पत्रं छापून आली. आणि मलबारी, डॉ. एडिथ पीची यांच्यासारखी माणसं कमिटी करून पाठीशी राहिली. म्हणजे धाडस त्यांचं होतंच, पण छप्पर, पैसा, अक्षर आणि माणसं, या चार गोष्टीही होत्या. आपण गोष्ट सांगताना धाडसच सांगतो आणि या चार गोष्टी गाळतो. मग ऐकणारीला वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. त्या दिवशी मीही तेच केलं होतं.

रखमाबाई सप्टेंबर १९५५ मध्ये वारल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता. त्यातलं कलम ९ म्हणजे हाच दावा. आंध्र हायकोर्टानं १९८३ मध्ये टी. सरिता यांच्या खटल्यात ते घटनाबाह्य ठरवलं, पण सुप्रीम कोर्टानं १९८४ मध्ये कायम केलं. इंग्लंडनं तर हा दावाच १९७० च्या कायद्यानं मोडीत काढला. आपल्याकडे २०१९ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांनी त्याला पुन्हा आव्हान दिलं आहे. कलम नवरा-बायको दोघांनाही वापरता येतं, हे खरं. पण आमच्या केंद्रात येणाऱ्या नोटिसा बहुतेक वेळा बाईनं पोटगी मागितल्यावर येतात.

म्हणून वस्तीत हे सांगा. नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. हुकूम झाला तरी बाईला ओढून नेता येत नाही. तुरुंग आता नाही, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. हुकमानंतर वर्षभर एकत्र नांदले नाहीत, तर घटस्फोट मागता येतो. पण हुकूम पाळला नाही एवढ्याच कारणावरून पोटगी नाकारता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. न जाण्याचं कारण मात्र सांगता आलं पाहिजे. मारहाण असेल तर दवाखान्याचे कागद, तक्रारीची नक्कल जपून ठेवायला शिकवा. नोटीस पिशवीत घालून फिरू नका, लेखी उत्तर द्या.

आणि 'मला कोन हाय' याचं उत्तर भाषणातून देता येणार नाही. ते यादीतून द्यावं लागेल. या शिबिरातून जाताना प्रत्येक तालुक्यानं एक कागद करावा : आठ दिवस कोणाच्या घरी बाईला राहता येईल, उत्तर कोण लिहून देईल, तारखेला सोबत कोण जाईल, एसटीचे पैसे कुठून येतील. नावं लिहा, फोन नंबर लिहा.

त्या बाईची पुढची तारीख सोमवारी आहे. तिच्या गटातल्या तिघी आणि मी, अशा चौघी जाणार आहोत. अजून कोणाला यायचं असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला भेटा.