हातांना वेळेवर डॉक्टर हवा

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण अम्मीच्या संधिवाताची फाइल गेली सहा वर्षं मीच सांभाळतो. त्यातून जे शिकलो, ते सांगतो.

आपल्याकडे कुठलाही सांधा दुखला की ‘वात आहे, वयाचं आहे’ म्हणतात. पण हातांत दोन वेगळे आजार नेहमी दिसतात. पहिला झिजेचा. त्यात बोटांच्या टोकाजवळचे सांधे आणि अंगठ्याचं मूळ दुखतं. सकाळचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासात जातो. दुसरा रुमेटॉइड. त्यात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती सांध्याच्या अस्तरावरच हल्ला करते. बहुतेक वेळा दोन्ही मनगटं, बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे सुजतात. फजरच्या वजूला नळ फिरवता येत नाही, तासभर मूठ वळत नाही. हा आजार तिशीतही होतो आणि बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतो.

रुमेटॉइडमध्ये वेळ महत्त्वाचा. हाड झिजलं की ते पूर्ववत होत नाही. पेनकिलरने दुखणं दबतं, आतली मोडतोड चालूच राहते. ती रोखणारी औषधं वेगळी असतात. त्यातलं मुख्य मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. अम्मीच्या गोळीचा वार आमच्या फ्रीजवर मोठ्या अक्षरांत लिहिलाय. आणखी एक: ‘आरए फॅक्टर’ निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाहीच, असं नसतं.

रोजच्या कामात एकच नियम: लहान सांध्यावरचा भार मोठ्या सांध्यावर न्या. पिशवी बोटांत नको, खांद्याला अडकवा. पातेलं दोन्ही हातांनी उचला. चमचा, सुरी, पेन यांच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करा. गोल नळाऐवजी दांडीचा नळ बसवा. अम्मी अजून शिलाई करते, पण थोड्या थोड्या वेळाने थांबते, कोमट पाण्यात हात धरते, हळूहळू मूठ उघडते-मिटते, अंगठा प्रत्येक बोटाला लावते. सूज जास्त असेल त्या दिवशी जोर लावत नाही, मनगटाला स्प्लिंट बांधते.

आपल्या घरातल्या बायका ‘कामाने दुखतात हात’ म्हणून गप्प बसतात. त्यांना विचारा: सकाळी मूठ वळते का? सूज काही आठवडे टिकली असेल, तर संधिवाततज्ज्ञाची वेळ तुम्ही घ्या आणि सोबत जा.