काठावरचे बूट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लहानपणी शुक्रवारची नमाज सुटली की मशिदीच्या दारात चपलांचा एकच गोंधळ उडायचा. सगळे पांगले की एखादा जोड मागे उरायचा. बांग देणारे चाचा तो उचलून कोनाड्यात ठेवत. एकदा मी विचारलं, "चाचा, फेकून का देत नाही?" ते म्हणाले, "ज्याचा आहे तो येईल, बेटा." आणि पुढच्या शुक्रवारी तो यायचाही, जरा खजील होऊन.

दारात चप्पल म्हणजे माणूस आत आहे, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून भाच्याने बुडापेस्टहून फोनवर एक छायाचित्र पाठवलं, तेव्हा मी फसलो. नदीचा दगडी काठ आणि त्यावर ओळीने काढून ठेवलेले बूट. मला वाटलं, मंडळी पोहायला उतरली असावीत.

ते बूट लोखंडाचे आहेत. साठ जोड. पुरुषांचे, बायकांचे, लहान मुलांचेही. सगळे १९४०च्या सुमाराच्या घडणीचे. एखादा आडवा पडलेला, एखाद्याची टाच झिजलेली. १६ एप्रिल २००५ रोजी डॅन्यूबच्या काठावर, हंगेरीच्या संसद भवनापासून थोड्या अंतरावर, हे स्मारक उभं राहिलं. 'उभं राहिलं' म्हणतो खरा, पण ते घोट्याच्या वर जातच नाही. कल्पना चित्रपट दिग्दर्शक जान तोगाय यांची आणि बूट घडवले शिल्पकार ग्युला पाउअर यांनी. तोगाय यांचं घराणं मूळचं तुर्की, जन्म बुडापेस्टचा. तुर्की भाषेत 'जान' म्हणजे जीव. आपण म्हणतो तोच शब्द.

घडलं होतं ते असं. १९४४च्या मे ते जुलै या दोन महिन्यांत हंगेरीतून सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यू रेल्वेने बाहेर पाठवले गेले, त्यातले बहुतेक आउशवित्झला. राजधानीतले ज्यू तेवढे मागे उरले. ऑक्टोबरात जर्मनांच्या पाठबळावर 'ॲरो क्रॉस' या पक्षाने सत्ता घेतली आणि त्याच्या बंदूकधाऱ्यांनी त्या हिवाळ्यात माणसांना नदीकाठी नेऊन गोळ्या घातल्या. माणूस पाण्यात पडे, प्रवाह त्याला घेऊन जाई. खड्डा खणायला नको, कबर नको. पण आधी बूट काढायला लावत. युद्धात कातड्याला किंमत होती, पुन्हा वापरता येत, विकता येत. असे हजारो गेले.

शिल्पकार एकटा असता तर कदाचित रडणारी आई घडवली असती, उंच चौथऱ्यावर. सिनेमावाला मात्र कॅमेरा खाली आणतो आणि माणसाच्या शेवटच्या वस्तूवर थांबवतो. इथे तिकीट नाही, कुंपण नाही. कुणी बुटात फूल ठेवतं, कुणी मेणबत्ती, कुणी खडा. २०१४ साली यातले काही बूट चोरीलाही गेले. लोखंडाचे बूट चोरून कुणी काय केलं असेल, देव जाणे.

एक गोष्ट मात्र मला टोचते. तिथे लोखंडी फलक आहेत, हंगेरियन, इंग्रजी आणि हिब्रू भाषांत. ॲरो क्रॉसने डॅन्यूबमध्ये गोळ्या घालून मारलेल्यांच्या स्मरणार्थ, एवढा मजकूर. मारणाऱ्यांचं नाव आहे. मेलेले बहुतेक ज्यू होते, पण तो शब्द फलकावर नाही. हिब्रू लिपी आहे, पण ज्यू हा शब्द नाही! बाकी जगाला हे खटकेल न खटकेल, मला लगेच आपल्या बातम्यांची भाषा आठवली. 'दोन गटांत हाणामारी', 'विशिष्ट समाजाचे लोक'. शांतता राहावी म्हणून असं लिहितात, हे मला कळतं. पण ज्याच्या घरातला माणूस गेला, त्याला त्या 'गटा'त आपला माणूस सापडत नाही.

डिसेंबर १९९२. मी विशीत होतो. आमच्या गावात दंगल झाली त्या संध्याकाळी अब्बा अनवाणी घरी आले. कुणी काही विचारलं नाही. अम्मीने गरम पाण्याचं घमेलं पुढे ठेवलं, इतकंच. दुसऱ्या दिवशी दोन तास संचारबंदी उठली, तेव्हा मी दूध आणायला निघालो. चौक चपलांनी भरला होता. स्लिपर, कोल्हापुरी, एक शाळेचा काळा बूट. आमच्यांच्या कुठल्या आणि त्यांच्या कुठल्या, काही कळत नव्हतं. सफाई कामगार त्या फावड्याने गाडीत भरत होता. दोन तासांत रस्ता लख्ख.

अब्बांची चप्पल त्यात असणार. मी थांबून शोधली नाही, दुधाची रांग वाढत होती.

अब्बांनी पुढच्या आठवड्यात नवी घेतली. त्या संध्याकाळी ते कुठून पळाले, कुणी वाचवलं, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत. चौकात मोबाइलची दुकानं झाली आहेत, पेव्हर ब्लॉक बसले आहेत. तिथून जाताना माझी नजर अजून खाली, गटाराच्या कडेला जाते.