जंगल साफ करायचंय: ट्रॅक्टर घेऊ की जेसीबी?

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय तुमच्याच प्रश्नांतून आलाय. गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी विचारला. "अलिबागला दोन एकर घेतली, सगळं रान माजलंय. ट्रॅक्टर घेऊ की जेसीबी?" कुणाची जमीन मुरूडला, कुणाची श्रीवर्धनला. कुणाची वडिलोपार्जित वरकस, तीस वर्षं कुणी पाय ठेवलेला नाही. मांडव्याची रो-रो २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला, आणि मुंबईत राहून इकडे वाडी करणं लोकांना जमण्यासारखं वाटायला लागलं. त्यामुळे प्रश्न वाढलेत.

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. जेसीबी भाड्याने घ्या, तोही मोजक्या तासांसाठी. ट्रॅक्टर विकत घ्यायचाच असेल तर छोटा घ्या आणि दोन वर्षांनी घ्या. आणि या दोघांच्याही आधी चार माणसं कोयते घेऊन आत घाला. हा क्रम मी उलटा केला होता. त्याची किंमत काय पडली ते आज सांगणार आहे.

आधी नावांचा घोळ काढू. आपण ज्याला जेसीबी म्हणतो ते मशीन म्हणजे बॅकहो लोडर. पुढे रुंद बकेट, मागे खणणारा हात, खाली चार टायर. जेसीबी हे इंग्लंडमधल्या जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या कंपनीचं नाव. १९७९ पासून ही मशीनं आपल्याकडे बनतायत, आणि आता कुठल्याही कंपनीचं असलं तरी ते जेसीबीच. तसंच पोकलेन. ते फ्रेंच कंपनीचं नाव, आपल्याकडे साखळीपट्ट्यावर चालणाऱ्या कुठल्याही एक्स्कॅव्हेटरला चिकटलं. हा फरक लक्षात ठेवा, कारण भाडं ठरवताना तुम्ही "जेसीबी" म्हणता आणि दारात येतं काहीही.

आता माझी गोष्ट. मुरूड तालुक्यात आमची उताराची जमीन आहे. करवंदाच्या जाळ्या, घाणेरी, रानमोडी, मध्ये मध्ये ऐन, किंजळ, जांभूळ. पहिल्या वर्षी मी एक एकर काढायची ठरवली. मे महिना होता. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, दीड दिवसात मैदान करून देतो." आणि खरंच दिलं. पुढची बकेट जमिनीला टेकवायची आणि ढकलत न्यायचं. जाळी, मुळं, दगड, पालापाचोळा सगळं खालच्या बांधाला ढीग. चौदा तास झाले. मी फोटो काढून घरच्यांना पाठवले. लाल, स्वच्छ, एकसारखी जमीन. मला फार भारी वाटलं होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाचे शेजारी काका वर आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "अरे, तुझी माती माझ्या शेतात आलीय. घेऊन जा." मी खाली जाऊन बघितलं तर त्यांच्या भाताच्या खाचरात टाचेपर्यंत लाल गाळ. रोपं दिसत नव्हती. वर माझ्या जमिनीत काय उरलं होतं? मुरूम आणि जांभ्याचे खडे.

हिशेब करा. एका एकरावरून सहा इंच माती गेली तर ती साधारण सहाशे घनमीटर होते, म्हणजे दोनशे ब्रासच्या वर. माती ब्रासला हजार-दीड हजार रुपयांनी विकत आणायची धरली, तरी दोन-तीन लाख. मशीनचं भाडं त्यापुढे काहीच नव्हतं. आणि ती माती विकत आणून तशीच होत नाही. आपल्याकडे जांभ्यावरची माती मुळात वीतभर. पिढ्यान्‌पिढ्या पाला कुजून ती झालेली असते आणि मुळांनी धरून ठेवलेली असते. चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस जिथे पडतो, तिथे ती मुळं एकदम उपटायची म्हणजे मातीला जा म्हणून सांगणंच आहे.

त्या एकरात मी हापूसची चाळीस कलमं लावली. तिसऱ्या वर्षी निम्मी उरली, तीही गुडघ्याएवढी. काकांचा त्या वर्षीचा भात गेला. नुकसान भरून दिलं, गाळ माणसं लावून काढला. पण पुढची दोन वर्षं ते माझ्या बांधावर चहाला आले नाहीत.

म्हणून मी सांगतो, मशीन निवडताना काय काढायचंय ते नंतर बघा. काय ठेवायचंय ते आधी ठरवा.

यातलं पहिलं काम कागदाचं. सातबारा काढा आणि इतर हक्काचा रकाना नीट वाचा. तिथे "खाजगी वन" किंवा "कलम ३५(३)" असं काही दिसलं तर थांबा. ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू झालेल्या कायद्याने खाजगी वनं सरकारकडे गेली आहेत, आणि १९८० च्या वनसंवर्धन कायद्यामुळे तिथे परवानगीशिवाय शेतीसाठीसुद्धा मशीन लावता येत नाही. अशा नोंदी रायगडात भरपूर आहेत. वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरं, झाडं. १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा अशी झाडं आहेत. स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगी लागते. बाकीच्या झाडांनाही तलाठी आणि वनविभागाकडे विचारूनच हात लावा. खाडीकडेला तिवरं असतील तर विषयच संपला. त्यांना आणि त्यांच्या पन्नास मीटरच्या पट्ट्याला हात लावायचा नाही, उच्च न्यायालयाचा आदेश आहे. काशीद-नांदगावच्या बाजूला जमीन असेल तर फणसाड अभयारण्याच्या संवेदनशील क्षेत्राचा नकाशा बघा. आणि माती-मुरूम जमिनीबाहेर विकायला नेलात की ते गौण खनिज. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि मशीन जप्त होते ती वेगळी. "मुरूम आम्ही नेतो, साफसफाई फुकट करून देतो" असं कुणी म्हणालं तर गोड बोलून परत पाठवा.

आता प्रत्यक्ष काम. दुसऱ्या वेळी मी दोन एकर काढली, ती अशी.

पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर, चार माणसं नऊ दिवस. कोयता, आकडी आणि एक ब्रश कटर. ठेवायच्या झाडांना आधी चुन्याचा पट्टा मारला. घाणेरी नुसती वरून कापली तर दुप्पट फुटते, म्हणून टिकावाने जमिनीखाली दोन-तीन इंचांवर मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. या दिवसांत जमिनीत ओल असते, मुळं सुटतात. एप्रिलमध्ये तीच जमीन दगड होते. माणसांची मजुरी अठरा हजार झाली. पण त्या नऊ दिवसांत मला माझी जमीन पहिल्यांदा दिसली. कातळ कुठे वर आलाय, पऱ्ह्या कुठून जातो, जुना गडगा कुठे आहे. पहिल्या वर्षी यातलं काहीच मला माहीत नव्हतं, ऑपरेटरला तर नव्हतंच.

मग जेसीबी. त्याला दोनच कामं. वाळलेल्या जुन्या काजूंची आणि जाड जाळ्यांची खोडं मागच्या हाताने काढायची, आणि कलमांचे खड्डे मारायचे. हापूसला दहा बाय दहा मीटर अंतर आणि एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा, म्हणजे एकरी चाळीस. मुरमात असा एक खड्डा मारायला माणसाचा पूर्ण दिवस जातो. जेसीबीला पाच मिनिटं. खोडांना चार तास, ऐंशी खड्ड्यांना सात तास, एकूण अकरा तास. तासाला तेराशेने चौदा हजार तीनशे. इथे मात्र त्या मशीनला तोड नाही.

ऑपरेटरशी सौदा करतानाच अटी सांगायच्या. पुढची बकेट मातीला टेकणार नाही. काढलेली खोडं उताराला आडवी, समपातळीत रचायची, म्हणजे पावसात वाहणारी माती तिथे अडते. पऱ्ह्याच्या दोन्ही बाजूंची झाडी तशीच. आणि तुम्ही स्वतः तिथे उभं राहायचं. ऑपरेटर वाईट नसतो हो. त्याला तासाचे पैसे मिळतात, आणि साफ दिसणारं काम म्हणजे चांगलं काम असं त्याला सगळ्यांनी शिकवलेलं असतं. मीही तेच शिकवलं होतं.

कातळ लागला तर साध्या बकेटने दात घासत बसू नका. ब्रेकर लावलेलं मशीन मागवा, नाहीतर खड्ड्याची जागा सरकवा. मी सरकवल्या. उतार जास्त असेल तर टायरवालं मशीन धोक्याचं, तिथे छोटा पोकलेन बरा. साखळीपट्ट्यामुळे वजन पसरतं, जमीन कमी दबते. बॅकहो लोडर साडेसात टनांच्या आसपास असतो. ओल्या मातीवर दोन फेऱ्या मारल्या की तिथे पाणी मुरणं बंद. म्हणून पावसाळ्यात किंवा पावसानंतर लगेच त्याला आत घेऊ नका.

आणि ट्रॅक्टर? रान काढायला ट्रॅक्टर नकोच. रोटाव्हेटर मुळांवर आणि जांभ्यावर घातला की पाती जातात. काही जण खोडाला साखळी बांधून ट्रॅक्टरने ओढतात. हे अजिबात करू नका. साखळी टॉप लिंकला किंवा एक्सेलच्या वर कुठे बांधलेली असली आणि खोड हललं नाही, तर ट्रॅक्टर पुढून उठतो आणि मागे चालवणाऱ्यावर उलटतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. उतारावर आडवा चालवणंही तसंच.

ट्रॅक्टरचं काम नंतर सुरू होतं. शेणखत आत नेणं, पाण्याची टाकी ओढणं, दोन ओळींमधलं गवत कापणं, नारळ-आंबा बाहेर काढणं. ही कामं दर महिन्याला असतात, म्हणून तो विकत घेण्यात अर्थ आहे. दोन-तीन एकरांच्या वाडीला वीस-पंचवीस एचपीचा, चारही चाकं ओढणारा छोटा ट्रॅक्टर पुरतो. एका एकराला पॉवर टिलरसुद्धा चालतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्के झालाय, आणि अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करता येतो. पूर्वसंमती येण्याआधी खरेदी करू नका, अनुदान हातचं जाईल. नवा जेसीबी मात्र फारच महाग. भाड्याने चालवायचा धंदा करायचा असेल तर घ्या. स्वतःच्या अकरा तासांच्या कामासाठी नाही.

ट्रॅक्टरला मागे जोडायचा बॅकहो मिळतो, त्याबद्दलही विचारलंय. चर काढायला, पाइपलाइनला ठीक आहे. मुरमात मीटरभराचे ऐंशी खड्डे मारायला नको, ट्रॅक्टरचं कंबरडं मोडेल.

शेवटची गोष्ट, वाटेची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. नंतर तिकडे गेलो होतो. पाखाड्या अरुंद, दोन्हीकडे जांभ्याचे गडगे. जेसीबी साडेसात फुटांच्या आसपास रुंद असतो, वळायला त्याहून जास्त जागा लागते. बऱ्याच वाड्यांत मशीन शिरूच शकत नव्हतं. करवतीने तुकडे करून माणसं डोक्यावरून लाकूड बाहेर काढत होती. तेव्हापासून मी आखणी करतानाच दहा फुटांची एक वाट कडेने सोडतो. रोज त्यावर ट्रॅक्टर फिरतो, आणि वेळ आलीच तर मोठं मशीन आत येऊ शकतं.

पहिल्या एकराचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचारणारच. तिथे आता आंबा नाही. उताराला आडवे चर काढले, गिरिपुष्प लावलं, दरवर्षी पाला तिथेच कुजवतो. हाताने उकरलं तर दोन बोटं काळी माती लागते. एवढीच झाली आहे इतक्या वर्षांत. काका आता येतात चहाला. बसतात, खाली त्यांच्या खाचराकडे बघतात, आणि जूनमध्ये न चुकता विचारतात, "यंदा मशीन नाही ना लावलंस?"

तुमच्या जमिनीबद्दल विचारायचं असेल तर उतार किती, माती किती खोल आणि सातबाऱ्यावर काय लिहिलंय, एवढं तरी कळवा. त्याशिवाय सल्ला देणं बरोबर नाही. चला, भेटू पुढच्या भागात.