कृष्णविवराच्या दारातली लुकलुक



मारुंजीत रात्री गच्चीवर गेलं, तर हिंजवडीच्या झगमगाटापुढे चार-दोन तारेच दिसतात. पण आज ज्या उजेडाबद्दल बोलायचंय, तो मिट्ट काळोखातही इथून दिसला नसता. ते क्ष-किरण आहेत, आणि वातावरण त्यांना खाली येऊ देत नाही. म्हणून दुर्बीणच वर न्यावी लागते. भारताने २८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘ॲस्ट्रोसॅट’ सोडला. त्याच्या निरीक्षणांवर इथून जवळच, गणेशखिंडीतल्या ‘आयुका’त अभ्यास चालतो.

काही दीर्घिकांच्या केंद्रात लाखो, कधी अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर असतं. त्यात पडणारा वायू आधी तबकडीसारखा गरगरत तापतो आणि अतिनील किरण सोडतो. विवरालगतचा त्याहून कितीतरी तप्त, विरळ वायू त्या किरणांना ऊर्जा देऊन क्ष-किरण बनवतो. हा उजेड स्थिर नसतो. कधी काही तासांतच तो बदलतो.

या बदलातून जागेचं माप कळतं. प्रकाश तासाला सुमारे १०८ कोटी किलोमीटर जातो. तासाभरात सगळा उजेड कमी-जास्त होत असेल, तर तो देणारी जागा साधारण त्याहून मोठी नसणार. म्हणजे अख्ख्या दीर्घिकेशी बरोबरी करू शकणारा उजेड सूर्यमालेएवढ्या जागेतून येतो!

पण बदल होतो कशामुळे? कधी आत पडणाऱ्या वायूचा ओघच कमी-जास्त होतो. कधी तो तप्त वायू बदलतो. कधी मध्ये ढग येतो. २००६ मध्ये ‘चंद्रा’ दुर्बिणीने एनजीसी १३६५ या दीर्घिकेत असंच ग्रहण पाहिलं. ते काही दिवसांत सुटलंही.

मग ओळखायचं कसं? ढग कमी ऊर्जेचे क्ष-किरण जास्त अडवतो, जास्त ऊर्जेचे कमी. शिवाय ‘ॲस्ट्रोसॅट’ अतिनील आणि क्ष-किरण एकाच वेळी पाहतो. आधी काय बदललं आणि मागून काय, यावरून कारणाचा माग लागतो.

म्हणून उजेड मंदावला एवढ्यावरून ‘विझला’ असा निकाल देऊ नका. आधी विचारा, मध्ये काही आलंय का?

‘ॲस्ट्रोसॅट’ची निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर इस्रो सर्वांसाठी खुली करते. विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनो, ती उतरवून घ्या, आलेख काढा. ‘हे आपलं काम नाही’ असं कुणी म्हणालं, तर तो आलेखच पुढे ठेवा.