अर्धा वाटा



समाधान कशाला म्हणावे, हे पाहण्यास आंबीकरांना दूर जावे लागत नाही. मावळातून वाहणारी इंद्रायणी पुढे देहूला जाते. तेथे तुकाराम महाराजांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. सन १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. घरची माणसेही गेली. पुढे महाराजांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली.

परंतु सगळी नव्हेत. परंपरा सांगते, की धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा वाटा त्यांनी आधी वेगळा काढून दिला. बुडविली ती आपल्याच वाट्याची. दुसऱ्याच्या हक्कावर वैराग्य करता येत नाही. तरीही संसाराची ओढाताण जिजाईंनी सोसली, हेही विसरू नये.

सुदुंबऱ्यास समाधी असलेले संताजी जगनाडे यांचा धंदा तेलघाण्याचा. त्यांनी प्रपंचात राहूनच महाराजांचे अभंग लिहून ठेवले.

आज तळेगाव परिसरात कारखाने आले आहेत. मुलांनी शिकावे, नोकरीत चढावे. त्यात वावगे काही नाही. मात्र पुरे कोठे म्हणायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आणि पुरे म्हणण्याआधी घरच्यांचा वाटा त्यांच्या हाती द्यावा.

रामकृष्ण हरी!