शिरा ठळक का दिसतात?



हात किंवा पाय पुढे करून अनेकजण विचारतात, "या निळ्या शिरा वर आल्या आहेत, काही धोका तर नाही ना?" बहुतेक वेळा धोका नसतो. तथापि तो केव्हा असतो, हे प्रत्येक घराला ठाऊक असावयास हवे.

शिरांतील रक्त गडद तांबडेच असते. त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशामुळे शीर निळसर भासते. वयपरत्वे त्वचा पातळ होते व तिच्याखालील चरबी घटते, म्हणून वृद्धांच्या हातांवरील शिरा उठून दिसतात. उन्हाळ्यात व अंगमेहनतीच्या वेळी शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेजवळच्या शिरा रुंदावतात. सडपातळ किंवा गोऱ्या व्यक्तींत त्या अधिक दिसतात. हे सारे स्वाभाविक आहे.

पायांची गोष्ट निराळी. तेथील रक्ताला हृदयाकडे वर चढावे लागते. पोटरीचे स्नायू आवळले की रक्त वर ढकलले जाते आणि शिरांतील लहान झडपा त्याला खाली परतू देत नाहीत. या झडपांचे कार्य विल्यम हार्वे यांनी १६२८ साली हाताच्या शिरा बोटाने दाबून दाखवून दिले होते.

होसकोट्याच्या कारखान्यांत पाळीभर यंत्रापुढे उभा असणारा कामगार, वर्गातील शिक्षिका, ओट्यापुढील गृहिणी यांच्या पोटऱ्यांची हालचाल कमी होते. पायांत रक्त साचते, झडपा निकामी होतात व शिरा नागमोडी फुगतात. यालाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. आनुवंशिकता, स्थूलता व गर्भारपण हीदेखील कारणे आहेत. गर्भारपणातील फुगवटा प्रसूतीनंतर पुष्कळदा ओसरतो.

उभ्याने काम करताना अधूनमधून टाचा उचलाव्यात, चार पावले चालावे. घरी आल्यावर पाय उशीवर उंच ठेवून पडावे. दाब देणारे मोजे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावेत.

घोट्याजवळ त्वचा काळवंडली, रोज सूज येऊ लागली किंवा जखम भरेनाशी झाली, तर रुग्णालयात दाखवावे. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला व गरम लागला, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. अशा पायाला तेल लावून मालीश मुळीच करू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले, तर विनाविलंब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागल्यास रुग्णाला आडवे निजवावे, पाय उंच धरावा, स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून ठेवावे. रक्त न थांबल्यास १०८ लाच हाक द्यावी.

साडीच्या किंवा लुंगीच्या आड असलेले पाय घरात सहसा कोणी पाहत नाही. वडीलधारी माणसे दुखणे बोलून दाखवीत नाहीत. आज घरी गेल्यावर त्यांचे घोटे व पोटऱ्या एकदा उजेडात पाहा.